न आलेला नारू

आमच्या भागात त्या काळी अंगावर काहीही उठलं की त्याला एकच नाव होतं, नारू. पायाला सूज आली, नारू. पोटरीत ठणका लागला, नारू. आणि खोटंही नव्हतं ते. विहिरींचं पाणी पिणाऱ्या माणसाला जन्मात एकदा तरी तो निघायचाच. कातडीखाली सुतळीसारखा लांब किडा वाढायचा, फोड यायचा, फोड फुटला की पांढरं टोक बाहेर डोकवायचं. मग ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज जरा जरा ओढायचं, तुटू न देता. माझ्या सासऱ्यांना पायातून निघाला होता, नवऱ्याला घोट्यातून, आणि सासूबाईंना गुडघ्याखालून. म्हणून माझ्या हातावर गाठ उठली तेव्हा हे काय आहे असं घरात कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. मला तेवढं पटत नव्हतं, आणि नव्या सुनेला काही पटतं की नाही हे विचारायची पद्धत अजून निघायची होती.

माझं माहेर आसेगावचं, कोरडवाहू शेतीवालं. सासर वाशीमच्या वेशीबाहेर, माळ्यांचं. घरामागेच विहीर, विहिरीवर मोट, आणि पुढे वांगी, मेथी, कांदे आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, यांचे वाफे. बाजार जवळ, म्हणून माल रोज ताजा न्यायचा. म्हणजे उजाडायच्या आत दवात बसून मेथी खुडायची आणि मोट सुरू झाली की दांडाचं, म्हणजे पाटाचं, पाणी वाफ्यावाफ्यात सोडत उभं राहायचं. मोटेवर नवरा, पाण्यावर मी. मला ते काम मनापासून आवडायचं. माहेरी पाणी प्यायलाच जेमतेम, आणि इथे पाणी पायांवरून खेळत जायचं. लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा बोलायला कमी पण हसायला चांगला होता, आणि सासरी माझं बरं चाललं होतं.

त्या वर्षी थंडी पडली आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, एक बारीकसा दाणा लागला. तुरीच्या दाण्याएवढा. वरून दिसायचा तो नाहीच म्हटलं तरी चालेल. बोट लावलं तर मात्र जीव जायचा! ठणकणं वेगळं, टोचणं वेगळं. ही कळ तापल्या तारेसारखी खांद्यापर्यंत जायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि हातातलं जे असेल ते खाली पडायचं. बांगडी घसरून तिथे लागली की कळ. दवात हात गेला की कळ. दांडाच्या गार पाण्यात हात घातला तर विचारूच नका. ऊन वर आलं की कमी व्हायची आणि दुपारी मी चांगली धडधाकट. इथेच माझं नशीब फिरलं. सकाळी कामाच्या वेळी रडणारी आणि दुपारी जेवताना हसणारी सून कुणाला खरी वाटेल?

मी बांगड्यांना चिंधी गुंडाळली, म्हणजे त्या घसरणार नाहीत. सासूबाईंनी पाहिलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"नवरा जिता हाय ना व तुहा?" त्या म्हणाल्या. "मंग बांगड्यांले चिंध्या कायले बांधून राह्यली?"

"लागते आत्याबाई. गाठ हाय तठी."

त्यांनी हात ओढून घेतला, दाण्यावर अंगठा ठेवला आणि मी अशी किंचाळले की मोटेचे बैल थांबले.

"नारू," आत्याबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आमच्या आळीत नारू काढणारी एक म्हातारी होती. तिचा हात हलका होता हे मी कबूल करते, तिनं कित्येकांचे पाय वाचवले असतील. ती आली, हाताकडे पाहिलं, आणि विचारलं, "पान्यात हात घातला की जास्ती दुखते काय व?"

"हो," मी म्हणाले. सरळ माणसानं सरळ उत्तर दिलं.

"मंग झालं! नारूले पान्याची ओढ असते. थो बाहेर याले पाहून राह्यला."

आता आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत होतं की नारू पाण्याकडे येतो. म्हणून त्याला बाहेर काढायचा तर हात गार पाण्यात ठेवायचा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे औषधच आजाराचा सख्खा भाऊ निघालं! रोज पहाटे विहिरीचं गार पाणी परातीत काढायचं, माझा हात त्यात दाबून धरायचा, आणि म्हातारी तुरीची काडी हातात घेऊन टोक कधी दिसतं म्हणून वाकून बसायची. मी "माय व, माय व" करून आरडायची. मी जितकी आरडायची तितकी ती खूष.

"ओढ घेऊन राह्यला! आता येते पहाय!"

आळीतल्या बायका पाहायला यायच्या. एक म्हणायची धीर धर, दुसरी म्हणायची पोट्टी भल्ली नाजूक हाय बाप्पा. नारू काही यायचा नाही. फोड नाही, खाज नाही, लाली नाही. वरून मला हिंग खायला लावलं, धोत्र्याची पानं बांधली, आणि वांगं बंद केलं. घरामागे वांग्यांचे वाफेच्या वाफे आणि मला वांगं बंद! मला त्याचाही राग यायचा, खरं सांगते.

होता होता म्हातारीचा धीर सुटला. तिचं नाव होतं आळीत, आणि नारू न आल्यामुळे ते जायची वेळ आली. मग तिनं जाहीर केलं की पोरीनं पथ्य मोडलं, चोरून वांगं खाल्लं, म्हणून नारू उलटा फिरला.

"मी नाई खाल्लं," मी म्हणाले.

"मंग नारूच नसंल," म्हातारी म्हणाली, काडी फेकली आणि उठून गेली.

झालं. नारू नाही म्हणजे काहीच नाही. तिसरी गोष्ट असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येईना. दुसऱ्या दिवसापासून मी आळीत अंगचोर ठरले. कोरडवाहूची पोरगी, हिला पाण्यात उभं राहायचा कंटाळा, म्हणून सोंग करते. आत्याबाई तोंडानं फटकळ होत्या पण लबाड नव्हत्या, त्यांनी हे माझ्या तोंडावरच सांगितलं.

"माह्या गुडघ्यातून नारू निघाला तवा म्या सांजच्याला निंदाले गेली होती वावरात. एक शब्द काहाडला नाई तोंडातून. अन् तू, तुरीच्या दान्यासाठी आळी गोळा करतं! नसंल जमत तं सांग. आसेगावले पोचवून देतो. बापाजवळ बस."

नवरा मोटेचा नाडा वळत बसला होता. तो काही बोलला नाही. त्या रागावर मी पुढं बरेच दिवस जगले. कळ येऊन जायची, तिचं मला एवढं नव्हतं. पण एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या आळीत, एक माणूस तरी म्हणायला हवं होतं की हो बाई, दुखत असेल तुला. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण बाकीच्यांनी निदान धूर तरी पाहावा की नाही? आणि माहेरी गेले असते तर दुखण्यासाठी आली असं कुणी म्हटलं नसतं. टाकलेली म्हटलं असतं.

एक दिवस पाणी सोडताना कळ आली आणि मी दांडातच बसले. वाफा फुटला, मेथीचं रोप वाहून गेलं. आत्याबाई धावत आल्या. मला वाटलं आता संपलं, आता गाडी जुंपतात आसेगावची. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मेथीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चाल," त्या म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात चाल. डागदराच्या तोंडून वदवून घेतो, खरं का खोटं. मंग मी हाय अन् तू हायस."

म्हणजे औषधासाठी नाही, निकालासाठी. आरोपीसारखीच निघाले मी. वाटेत त्या पुढे, मी मागे. त्या डोक्यावर मेथीची टोपली घेऊन निघाल्या होत्या, कारण जातोच आहे बाजारावरून तर डोकं कशाला रिकामं ठेवायचं. माळणीला फाशी द्यायला नेलं तरी ती वाटेत दोन जुड्या विकेल.

दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, तरुण, नागपूरला शिकलेला. आमची पाळी आली तशी मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "डागदरसाहेब, हिले काईच झालं नाई. तेवढं सांगा अन् आमी चाललो."

डॉक्टर हसला. "काहीच झालं नाही तर आलात कशाला, बाई?"

"हेच सांगाले!"

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कधी दुखतं?"

कुठे दुखतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी, हे कुणी नाही. मी घडाघडा सांगत सुटले. गार पाण्यात, दवात, बांगडी लागली तर, लुगड्याचा काठ लागला तर. नुसता हात हलवला तर नाही, ओझं उचललं तरी नाही. उन्हात नाही. चुलीपुढे बसले की बरं वाटतं. तो मान डोलावत होता आणि मधूनच विचारत होता, खाज येते का, फोड आला का, ताप आला का, कधी काटा मोडला होता का. नाही, नाही, नाही. मला सांगता सांगता रडू आलं. आत्याबाई पुटपुटल्या, "झालं हिचं सुरू."

डॉक्टरनं ते ऐकलं. तो त्यांना म्हणाला, "बाई, ही सोंग करते असं तुम्हाला वाटतं ना? मग तुम्हीच पाहा." त्यानं माझा पदर माझ्या डोळ्यांवर ओढला, तोंड भिंतीकडे करायला लावलं. मग आगकाडीचं मागचं टोक घेऊन तो हळूच हातावर इथे तिथे टेकवू लागला. मनगटावर, काही नाही. कोपराजवळ, काही नाही. दाण्याच्या अगदी शेजारी, तिथेही काही नाही. आणि मग दाण्यावर. मी स्टुलावरून उडाले.

"आता तुम्ही," डॉक्टर आत्याबाईंना म्हणाला.

आत्याबाईंनी काडी घेतली. त्यांची पारख बाजारातली, गिऱ्हाईक कुठे फसवतं ते त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी मला फसवायचा पक्का डाव मांडला. काडी टेकवायच्या आधी मुद्दाम म्हणाल्या, "हं, आता गाठीवर लावतो," आणि लावली भलतीकडे. मी गप्प. परत म्हणाल्या, "आता लावतो," आणि लावलीच नाही. मी गप्प. मग काही न बोलता, श्वास रोखून, हलकेच दाण्यावर टेकवली. माझी किंकाळी बाहेरच्या ओसरीवर गेली, बसलेली माणसं उठून डोकावली. आत्याबाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग काडी मेजावर ठेवल्याचा आवाज आला.

"लबाड मानूस कुठीतरी चुकते," आत्याबाई शेवटी म्हणाल्या. आवाज खाली गेला होता त्यांचा. "हे एकडाव बी नाई चुकली."

डोळ्यांवर पदर होता म्हणून बरं झालं. मी त्याच्या आड मनसोक्त रडले. हात दुखत होता, नाही असं नाही, पण मी इतक्या सुखानं त्याआधी कधी रडले नव्हते.

मग डॉक्टरनं समजावून सांगितलं. हा नारू नव्हे. नारू असता तर एवढ्या दिवसांत फोड येऊन फुटला असता. गळूही नव्हे, पिकणार नाही. कातडीखाली कधी कधी अशी एक बारीक गाठ धरते, बारीक नसांची टोकं जिथे असतात तिथे. ती लहान असते म्हणून कुणी मानत नाही, आणि तिचं दुखणं तिच्या आकाराच्या शंभरपट असतं. शिकत असताना त्याच्या साहेबांनी एका बाईच्या पायावरची अशीच गाठ त्याला दाखवली होती. त्या बाईलाही घरच्यांनी नाटकी ठरवलं होतं. गारठ्यानं ती जास्त दुखते, हीच तिची खूण.

"गारठ्यानं?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् आमी हिचा हात परातीत..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

"हात जाईल काय?" मी विचारलं. मला तेवढीच भीती होती. माळणीला दोन हात नसले तर तिला काय अर्थ.

"हात कशाला जाईल? दाणा जाईल," डॉक्टर म्हणाला. "आत्ता काढतो. बधिर करतो आधी. फक्त त्या हातातल्या बांगड्या काढा."

झाली पंचाईत. सवाशिणीचा हात मोकळा कसा करायचा? ओसरीवरच्या बायकांनी तर तोंडाला पदर लावले. मी आत्याबाईंकडे पाहिलं, कारण चिंधी बांधली तर रामायण झालं होतं. आत्याबाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग त्या बायकांवरच खेकसल्या, "काय पाहून राह्यल्या व? हिच्या नवऱ्याची माय मी हाय. मले नाई काळजी माह्या पोराची?" त्यांनी साबण मागून घेतला, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी अशी जपून उतरवली की दाण्याला वारासुद्धा लागला नाही. मग बांगड्यांच्या जागी हळदीचा दोरा हवा म्हणून अडून बसल्या. दवाखान्यात हळद कुठली? जखमेला लावायचं पिवळं औषध होतं. त्यांनी दोरा त्यातच बुडवला, पिवळा झाला तो पाहून घेतला, आणि माझ्या कोपराच्या वर बांधला. डॉक्टरनं हात जोडले आणि काम सुरू केलं.

सुई टोचली तेव्हाच काय ते दुखलं. आत्याबाईंना बाहेर थांबायला सांगितलं तर त्या हलल्या नाहीत. माझं डोकं त्यांनी पोटाशी धरून ठेवलं होतं, मेथीचा वास येत होता लुगड्याला. थोड्या वेळानं डॉक्टरनं बशी पुढे केली. तिच्यात जांभळट गुलाबी असा एक दाणा होता.

"एवढूसा?" आत्याबाई म्हणाल्या.

"एवढूसाच," डॉक्टर म्हणाला. आत्याबाईंना तो घरी न्यायचा होता, म्हातारीला दाखवायला. डॉक्टरनं दिला नाही. नागपूरला काचेखाली तपासायला पाठवतो म्हणाला. पुढे टाके काढायला गेलो तेव्हा त्यानं सांगितलं की तिकडच्यांनीही तेच नाव दिलं, जिवाला काही धोका नाही. ते नाव इंग्रजी होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. नारू नाही आणि सोंगही नाही, मला एवढं पुष्कळ होतं.

परतताना आत्याबाई म्हातारीच्या दारावरून मुद्दाम गेल्या. "पोरीनं वांगं नोतं खाल्लं व बुढे," एवढं बोलून पुढे झाल्या. घरी आल्यावर सासऱ्यांना आणि नवऱ्याला काडीची सगळी हकीकत त्यांनीच सांगितली, माझी किंकाळी धरून, हातवारे करत. नवरा ऐकत होता. मग उठला, माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मले बोलाले पायजे होतं." तो कमी बोलायचा, तेव्हा हे त्याच्यासाठी पुष्कळ होतं. मी तरी दोन दिवस फुगून राहिले. हक्क होता माझा!

जखम भरली तरी थंडी अजून होतीच. परत कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मोट सुरू झाली, धारेचं पाणी दांडातून आलं, आणि मी वाफ्याचं तोंड फोडायला वाकले. सवयीनं दात आवळले, डोळे मिटले आणि हात पाण्यात घातला. गार लागलं. नुसतं गार! मी हात तसाच ठेवला. पाणी बोटांतून जात होतं, आणि गार पाणी इतकं गोड लागतं हे मी विसरूनच गेले होते. माझे डोळे भरून आले आणि मी तिथेच हुंदके देत बसले.

पलीकडून आत्याबाईंनी पाहिलं. खुरपं टाकून, मेथीचे वाफे तुडवत त्या धावत आल्या.

"काय झालं व? दुखून राह्यलं काय?"

"नाई आत्याबाई. नाई दुखत."

"खोटं बोलू नोको! दुखत असंल तं सांग. आत्ताच्या आत्ता डागदराकडे जाऊ."

"खरंच नाई दुखत हो."

त्यांनी माझा ओला हात पदरात घेतला, चोळून कोरडा केला, व्रणावर फुंकर मारली आणि मोटेवरच्या लेकाला ओरडून सांगितलं, "थांबव रे मोट! हे दुखनं लपवून राह्यली!"